पाखऱ्याचं आवतन

पोळ्याच्या आदल्या दिवशी, ऊन कललं की ज्ञानोबाकाकांच्या गोठ्यातून हाक यायची. "दस्त्या, हात धुऊन ये रे. तूप पातळ झालंय." ती हाक मला अजून ऐकू येते, आणि ऐकू आली की मी अजूनही आधी हातांकडे बघतो.

आम्ही गावचे मुलाणी. जत्रेचं बोकड असो की लग्नातलं, माझ्या अब्बांनी अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवल्याशिवाय गावात कुणाच्याच चुलीवर रस्सा चढत नसे, पाटलाच्यासुद्धा. त्याबदल्यात सुगीला प्रत्येक खळ्यावरून आमच्या वाट्याची ज्वारी यायची. ज्ञानोबाकाकांचं घर आमच्या घराला भिंतीला भिंत लागून होतं आणि त्यांचा गोठा आमच्या परसात उघडायचा, म्हणून मी निम्मा त्या गोठ्यातच वाढलो. त्यांच्याकडे पाखऱ्या नावाचा बैल होता. पांढऱ्या अंगावर करडे ठिपके, कुणी मूठभर राख उधळावी तसे. मी लहान असताना जुवानं त्याचा खांदा सुजला, तेव्हा काकांनी विळा तापवून त्याला वशिंडाच्या कडेला डाग दिला. पुढे त्या डागावर रोज हळद-तेल लावायचं काम माझ्याकडे आलं, कारण काका दिसले की तो शिंगं रोखायचा. जखम भरली, खोड मात्र राहिली. खांद्याला माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात त्याला चालेना. असा खांदमळणीचा मान माझ्याकडे आला.

वर्षभर ज्या खांद्यानं जू ओढलं, त्याला त्या संध्याकाळी तूप आणि हळद चोळायची आणि बैलाच्या कानाशी वाकून उद्याच्या जेवणाचं बोलावणं करायचं : "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." एरवी ज्याच्या वाट्याला शिव्या आणि चाबूक, त्याला त्या एका संध्याकाळी घरातल्या जावयासारखं अहो-जाहो. मी तळहातावर तूप घेऊन त्याच्या वशिंडाच्या उतारावर चोळायला लागलो की पाखऱ्या मान खाली घालायचा, इतकी खाली की त्याचं ओलं नाक माझ्या पायाच्या बोटांना लागायचं. काकू पदर तोंडाला लावून हसायच्या. "बघा, मुलाण्याचं पोरगं बैलाला आवतन देतंय. अन् देव ऐकून घेतोय."

काका म्हणायचे, "देवाचं ऱ्हाऊ दे. बैल ऐकतोय न्हवं?"

आमच्या घरात दखनी बोलायचे आणि माझी शाळा उर्दूत झाली. आज बीडला या खोलीत बसून हे मी मराठीत लिहितोय, ते एवढ्यासाठीच की ज्याला मी फसवलं त्याला मराठीखेरीज दुसरं काही कळत नव्हतं.

आता माझ्या घराबद्दल. दोन खणांचं घर, पुढे छपरी, मागे परस आणि परसात अम्माची चूल. अम्मा बुटकी, आवाजाला चिरकी, आणि स्वयंपाकाच्या बाबतीत गर्विष्ठ. बोकडाचं मटण आमच्याकडे नेहमीचंच. ज्याच्याकडे बोकड पडे त्याच्याकडून मुंडी किंवा खूर मिळत. पण अम्माचं खरं नाव होतं ते मोठ्याच्या, म्हणजे बैलाच्या मटणासाठी. ते गावात मिळत नसे आणि गावात कापायचंही नाही, असा कुणीही न ठरवलेला ठराव होता. ते नेकनूरच्या बाजारातून यायचं, पळसाच्या पानांत बांधून, पिशवीच्या तळाशी, वर कांदे किंवा मेथीची जुडी घालून. ते काय आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असायचं आणि कुणी विचारायचं नाही. आमच्या परसातून मटण दमावर शिजल्याचा वास निघाला की काकू आपल्या बाजूचं दार लोटून घ्यायच्या. त्यात राग नसायचा, शेजारच्या घरात कुणी आंघोळीला बसलं की आपण नजर वळवतो तसं ते होतं. दुसऱ्या दिवशी त्याच काकू भिंतीवरून अम्माला ताकाचं गाडगं द्यायच्या.

माझी थोरली बहीण जैनब, तिला आम्ही आपा म्हणत असू. तिचं लग्न जमत नव्हतं. एक जागा जवळजवळ ठरली होती, पण पाहुणे जेवून गेले ते परत आलेच नाहीत. खरं कारण काय असेल अल्ला जाणे. अम्मानं स्वतःपुरतं कारण पक्कं करून टाकलं होतं. त्या दिवशी मटण वातड राहिलं होतं. मुलाच्या मामानं एक घास बराच वेळ चावला आणि कुणी बघत नाहीसं पाहून ताटाखाली ठेवला. अम्मानं ते पाहिलं होतं. त्या घासाचं नाव तिनं घरात कितीदा काढलं असेल! अब्बा वैतागून म्हणायचे, "मटण वातड होतं म्हणून पोरगी वातड ठरते का?" अम्मा म्हणायची, "ठरते. तुम्ही कापता, तुम्हाला काय कळणार? शिजवते मी." आपा उठून परसात जायची आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घ्यायची.

त्याच उन्हाळ्यात पाखऱ्याचा पाय गेला. मोटेच्या धावेवरून उतरताना माती ढासळली आणि त्याचा पुढचा पाय गुडघ्यात मुडपला. पाय सांधला, पण नांगराला तो परत उभा राहीना. काकांनी उतरता माल कधी बाजारात नेला नव्हता. त्यांच्या घरचे म्हातारे बैल घरच्याच शेतात पुरले जात. पण एक हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, गावात आला आणि गोड बोलला. युसूफ वडगाव या गावच्या एका तेल्याला घाण्यासाठी गरीब बैल हवाय, घाण्यावर पायाला जोर नसतो, सावलीत गोल फिरायचं आणि वर पेंड खायची. काकूंनी दारातूनच म्हटलं, "त्याचं त्वांड बघा. ते त्वांड खरं बोलणाऱ्याचं हाय का?" काका म्हणाले, "तुला सगळ्यांचीच त्वांडं खोटी दिसतेत." त्यांना त्या माणसावर विश्वास ठेवायचा होता. पाखऱ्या गोठ्यात नुसता उभा राहून दिवसभर त्यांच्याकडे बघायचा, ते त्यांना बघवत नव्हतं. हेडी दावं धरून निघाला तेव्हा काका वेशीपर्यंत गेले आणि परत येऊन आमच्या छपरीत अब्बांजवळ बसले. "घाण्यावर बसून खाईल," ते म्हणाले. अब्बांनी पान पुढे केलं. अब्बा बाजारात हिंडणारे होते, त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे, ते इतकंच म्हणाले, "खाईल, खाईल."

पुढे महिना झाला नसेल, बीडहून आपाला बघायला येत असल्याचा निरोप आला. घर चांगलं, मुलगा कचेरीत कामाला. पण निरोप आणणाऱ्या मावशीनं अम्माला बाजूला घेऊन सांगितलं, "मुलगा, बाप, कुणी काही बोलत नाहीत. सगळं दादीच्या हातात आहे. आणि दादीच्या तोंडात एक दात नाही." अम्मानं हे ऐकलं आणि तिचा चेहरा सुपात पाखडून दाणा वेगळा व्हावा तसा साफ झाला. ती मला म्हणाली, "दस्तगीर, उद्या नेकनूरला जा. रहीमचाचाला सांग, मला पुठ्ठा नक्को, मांडी नक्को. कोहान पाहिजे, अख्खं." कोहान म्हणजे वशिंड. बैलाच्या अंगात सगळ्यात मऊ तेच. त्यात चरबी आणि मांस असं पापुद्र्यापापुद्र्यानं असतं की नीट दम लागला तर ते जिभेवरच विरतं. दात नसलेल्या म्हातारीसाठी त्याहून दुसरं काही नाही.

मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होतो, मिसरूड फुटलेला, आपण घरातले कर्ते झालो असं वाटणारा. तांबडं फुटायला निघालो आणि ऊन चढायच्या आत नेकनूर गाठलं. खाटकांची जागा बाजाराच्या पलीकडे, ओढा ओलांडून बाभळीखाली होती. रहीमचाचा सुरी परजत बसले होते. "कोहान? सकाळचं कधीच गेलं. पण आता एक घेतोच आहे, थांब जरा." त्यांनी हातानं दाखवलं. बाभळीच्या बुंध्याला पाखऱ्या बांधलेला होता.

मी त्याला ओळखायच्या आधी त्यानं मला ओळखलं. कान पुढे आले, मग मान वळली. खांद्यावरचा डाग माझ्या बाजूला होता. हेडीनं त्याला युसूफ वडगावच्या वाटेला लावलंही नव्हतं. हातोहात इथं आणून विकला होता आणि चार बाजार तो इकडून तिकडे होत रहीमचाचांकडे आला होता, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी नुसता उभा राहिलो. मनात काय होतं ते मी लिहिणार आहे, कारण तेवढ्यासाठीच हे प्रकरण आहे. मनात आलं की हा काकांचा बैल, सांगावं. लगेच मनात आलं की मग कोहानाचं काय? दुसरं कोहान मिळायचं नाही, पाहुणे उद्याला, अम्मा दारात उभी असेल. मग वाटलं, जरा वेळानं सांगू. मला वाटलं, वेळ आहे.

रहीमचाचांचा माणूस दावं सोडून पाखऱ्याला ओढायला लागला. पाखऱ्यानं पाय रोवले. दुखऱ्या पायावर सगळा भार टाकून तो मागे रेटत होता आणि तो माणूस त्याची शेपूट पिरगाळायला लागला. "चल बे! चल!" शेपटीचं हाड कटकट वाजलेलं मी ऐकलं. ते मला सोसलं नाही. मी पुढे झालो आणि म्हणालो, "सोड, सोड त्याला. मी आणतो." मी त्याच्या खांद्यावर तळहात ठेवला, डागावर. जिभेनं टकटक केलं, नेहमी गोठ्यात करायचो तसं. पाखऱ्यानं मान खाली घातली. त्याचं नाक माझ्या पायाच्या बोटांना लागलं. मग तो माझ्या हाताखाली चालायला लागला, लंगडत, घाई न करता, खांदमळणीनंतर पाण्यावर न्यायचो तसा. मी त्याला बाभळीपासून त्या जागेपर्यंत चालवत नेला. दावं त्या माणसाच्या हातात दिलं आणि ओढ्याकडे तोंड करून उभा राहिलो. ओढ्यात एक बाई चिंध्या धूत होती. तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. मला मागचं काहीच ऐकू आलं नाही.

पळसाच्या पानात कोहान बांधताना रहीमचाचांनी माझ्याकडे पाहिलं. "काय रे, तुझ्यामागं शेळीसारखा आला. ओळखीचा होता का?"

मी 'हो' म्हणून मान हलवली.

त्यांचे हात थांबले. "मग बोलायचं होतंस की, येड्या! दुपारपर्यंत बांधून ठेवला असता. धन्याला घेऊन आला असतास. मी काय वैरी आहे का तुझा?" मग पुडा माझ्या हातात देत हळू आवाजात म्हणाले, "जा. अम्माला सांग, मंद आच ठेव म्हणावं. कामाचं जनावर होतं."

माणसं म्हणतात, नशिबात होतं. मला तो आधार कधी मिळाला नाही. एका वाक्याचं काम होतं आणि ते वाक्य ऐकायला तयार असलेला माणूस समोर बसला होता.

घरी आलो तेव्हा अम्मानं पुडा सोडला आणि तिच्या तोंडून "माशाअल्ला" निघालं. तिनं तो तुकडा पाट्यावर ठेवून उलटसुलट पाहिला. एका कडेला, जिथे डागाचा चटका आत उतरला होता, तिथे पांढरी, कातड्यासारखी गाठ होती. "हे बघ. डागलंय याला कुणीतरी. हे कितीही शिजवलं तरी शिजत नाही." तिनं ते सुरीनं कोरून काढलं आणि कुत्र्यापुढे टाकलं. आमचं कुत्रं उंबऱ्याशी बसून ते दिवस मावळेपर्यंत चावत होतं. मी उठून दुसरीकडे बसलो, तरी तो चकचक आवाज येत होता.

मग अम्मानं दाभण घेतलं, पोतं शिवायचं जाडं दाभण, आणि त्या मांसाला सगळीकडून टोचलं, म्हणजे मसाला आत जाईल. हिरव्या पपईचा सालीसकट कीस वाटून लावला. आलं, लसूण, मीठ. मग तिनं एका वाटीत तूप पातळ केलं, त्यात हळद कालवली, तळहातावर घेतली आणि वशिंडाच्या उतारावर चोळायला लागली. वरून खाली, मग अंगठ्यानं दाबत कडेनं. तोच उतार. तेच बोटांचं फिरणं. मी दारात उभा होतो. अम्मा न बघता म्हणाली, "उभा का राहिलास? ये, तू चोळ. माझे हात दुखतात, तुझ्या हाताला जोर आहे."

आणि मी चोळलं.

पहाटे तिनं चूल पेटवली. बुडाशी लाकूड नाही, फक्त शेणाच्या गोवऱ्या. त्यांची आच लाकडासारखी भडकत नाही, खालून हळूहळू येत राहते. गोवऱ्या काकूंकडच्या होत्या, त्यांच्याच गोठ्यातल्या. अम्मानं तांब्याच्या देगचीत कांदा तांबूस तळला, त्यात तो अख्खा तुकडा सगळ्या अंगानं परतला, भाजलेलं खोबरं, तीळ, खसखस आणि दगडफुलाचं वाटण घातलं, पाणी जवळजवळ नाहीच. झाकण ठेवून कडेनं उडदाच्या पिठाची कणीक लावून तोंड बंद केलं आणि झाकणावर बाभळीचे निखारे ठेवले. "आता कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. आत काय चाललंय हे ती फक्त कानानं ओळखायची. अधूनमधून डोकं वाकडं करून देगचीशी कान न्यायची. आधी आत खदखद होती, मग बारीक गुरगुर, मग कुणी लांबून घोरावं तसा आवाज. "पाणी आटलं," ती म्हणाली. "आता चरबीत शिजतंय. आता चुरचुर होईल, आणि मग ते गप्प होईल. गप्प झालं की झालं." मी तिच्याजवळ बसून ऐकत होतो, ते गप्प व्हायची वाट बघत.

पाहुणे ऊन डोक्यावर आलं तेव्हा पोचले. दादी लहानशी, हातात काठी, डोळे मात्र घारीसारखे. तिनं घर पाहिलं, आपाला पाहिलं, आपाच्या हाताची बोटं दाबून पाहिली, आणि जेवायला बसली. अम्मानं कणीक फोडली. झाकण निघालं आणि वास अख्ख्या परसात पसरला. भिंतीपलीकडे काकूंचं दार लोटल्याचा आवाज आला. तो तुकडा चमच्यानंच सुटत होता, सुरी लागली नाही. दादीनं घास तोंडात घातला आणि डोळे मिटले. अम्मा पडद्याआडून बघत होती. बराच वेळ गेला. मग दादीनं नुसता रिकामा तळहात वर केला, अजून वाढ म्हणून.

"पोरगी कुठाय?" दुसरा घास संपवून ती म्हणाली. "बोलवा तिला. आमच्या घरी हे असं करशील ना गं?"

आपानं खाली मान घालून होकार दिला. लग्न जमलं. अम्मा परसात जाऊन रडली. अब्बांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "आज तू काम केलंस." मलाही वाढलं होतं. मी खाल्लं. आणि ते चवीला अप्रतिम होतं. सबंध प्रकरणातलं हे एक वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आहे.

आपाचा संसार चांगला झाला. नवरा सरळ माणूस निघाला, दादी आपाच्या मांडीवर डोकं ठेवून गेली. पोरंबाळं आहेत. ईदला मी तिच्याकडे जातो तेव्हा ती तोच दम करते आणि ताट पुढे करून म्हणते, "दस्तगीर, माझं नशीब या देगचीत शिजलं." तिला मी काही सांगितलेलं नाही. ते तसं झालं नसतं तर तिचं काय झालं असतं, हे मला सांगता येत नाही, आणि त्यामुळे मला धड पश्चात्तापही करता येत नाही. मोठ्याचं मी सोडलं असंही नाही. सोडलं असतं तर फार स्वस्तात सुटलो असतो.

पण खरी गोष्ट त्यानंतर सुरू झाली. पुढच्या बाजारानंतर काकांनी मला गोठ्यात गाठलं. पाखऱ्याच्या रिकाम्या खुंट्यापाशी ते काहीतरी कारण काढून बसायचे. "नेकनूरला गेलतास न्हवं? युसूफ वडगावचं कुणी भेटलं का तिकडं?"

त्या क्षणी सांगता आलं असतं. मी म्हणालो, "भेटला एकजण."

काकांचा चेहरा उजळला. "मंग? बैल कसा हाय म्हनं?"

"बरा हाय. पेंड खातो म्हनं लई."

"खानारच! त्याला पेंड लई आवडती." ते उठले आणि घरात हाक मारली, "अगं ए, ऐकलंस का? पाखऱ्या बरा हाय! तू म्हनत हुतीस त्वांड खोटं हाय, त्वांड खोटं हाय!"

तिथून पुढे दर बाजाराला मी पाखऱ्याची खबर आणू लागलो. पाय आता दुखत नाही. तेल्याच्या पोरांना अंगाशी येऊ देतो. घाण्यावर डोळ्याला झापड बांधली तर आधी बुजायचा, आता सवय झाली. मी इतकं बारीक सांगायचो की सांगताना तो मला दिसायचा. काकू पुढे पुढे माझ्याकडे टक लावून बघायच्या आणि काही विचारायच्या नाहीत. काका मात्र ऐकून सुखानं तंबाखू मळायचे. एक मेलेला बैल मी त्यांच्यासाठी उन्हाळा आणि पावसाळा पाळला. दर बाजाराला थोडं थोडं खायला घातलं.

पोळा तोंडावर आला तेव्हा काकांनी मला बोलावलं. त्यांच्या हातात तुपाची लोटी होती, तोंडाला केळीचं पान बांधलेलं, आणि फडक्यात हळदीची पुडी. "तू युसूफ वडगावला जाऊन ये," ते म्हणाले. "तेली काय त्याचा खांदा मळनार? अन् मळाया गेला तरी तो हात लावू देनार न्हाई. तूच मळ. अन् आवतन दे माझ्या नावानं. घरी येनं काय व्हायचं न्हाई, पर आवतन चुकाया नगं."

मी लोटी घेतली.

खांदमळणीच्या दिवशी पहाटे निघालो. अर्धी वाट एका गाडीनं, अर्धी पायी. नेकनूरच्या त्या ओढ्याशी जाऊन तूप तिथं ओतून यावं असंही मनात आलं होतं, पण पाय तिकडे वळेनात. दिवस मावळतीला युसूफ वडगावला पोचलो आणि तेल्याचं घर विचारत गेलो. घाणा थांबलेला होता. एक काळा, थोराड बैल अंगणात बांधला होता. तेली अंगणातच बसला होता. "कोन बे तू?"

"लांबून आलोय. तुमच्या बैलाचा खांदा मळायचाय."

"माझ्या बैलाचा? का, माझे हात मोडलेत व्हय?" तो हसला, त्याची पोरंही हसली. "नवस बोलला हाईस का काय?"

"हो," मी म्हणालो. "नवसच."

त्याच्या बायकोनं लोटीत डोकावून पाहिलं. "घरचं तूप हाय की वो. मळू द्या त्याला. आपल्याला कवा मिळतं एवढं?"

मी तूप तळहातावर घेतलं, हळद कालवली, त्या परक्या बैलाच्या खांद्याला हात लावला. त्यानं कातडी थरथरवली आणि शिंग फिरवलं. मी पुन्हा हात ठेवला. पुन्हा त्यानं अंग काढून घेतलं. पोरं टाळ्या पिटत होती. कसंबसं मळलं आणि त्याच्या कानाशी वाकलो. "आज आवतन घ्या," एवढं म्हटलं. पुढचं वाक्य तोंडातून निघेना. जो यायचा तो आमच्या परसात येऊन गेला होता.

दुसऱ्या दिवशी परतलो तेव्हा गावात बैल मिरवून आले होते, दारांवर गुलाल सांडला होता. काका गोठ्यात होते. रिकाम्या खुंट्यापुढे त्यांनी पाटावर पुरणपोळी ठेवली होती. मी रिकामी लोटी पुढे केली. ती त्यांनी हातात घेतली, आत बोट फिरवून पाहिलं.

"मळलास?"

"मळलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. काकू चुलीपाशी होत्या, त्यांचे हातही थांबले होते. काकांनी विचारलं, "मान खाली घातली का त्यानं?"

मी पायांच्या बोटांकडे पाहिलं.

"घातली, काका," मी म्हणालो. "माझ्या पायाला नाक लागलं त्याचं."

त्यांनी डोळे पुसले आणि समाधानानं मान हलवली. त्यांच्या उरलेल्या आयुष्यात मी त्यांना पाखऱ्याबद्दल पुष्कळ काही सांगितलं. त्यातलं खरं होतं ते एवढंच.